गुलाबांखालची पिवळी माती

साहेबांनी माझी रजा कधी सरळ मंजूर केली नाही आणि सरळ नामंजूरही केली नाही. अर्ज पुढं ठेवला की ते तो चष्म्यावरून वाचायचे, घडी घालून कोटाच्या खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "पाण्याला विचारून सांगतो." मग छत्री घेऊन तलावाच्या बांधावर जायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत एक फेरी मारायचे आणि परत येऊन निकाल सांगायचे. माझ्या लग्नाच्या वेळी पाणी राजी होतं. मेव्हण्याच्या लग्नाला मात्र त्यानं साफ नकार दिला. मेव्हणा पुढं कितीतरी वर्षं माझ्यावर नाही, त्या तलावावर रागावून होता.

साहेब म्हणजे आमच्या सोलापूरच्या नगरपालिकेचे ओव्हरसियर. मी त्यांच्या हाताखालचा कारकून. खादीची पांढरी टोपी घालून ऑफिसात जायचं की नाही यावरून घराघरांत बाप-लेकांची बोलाचाली बंद व्हायची, ते दिवस. आमचं ऑफिस सार्वजनिक बागेतच एका कौलारू खोलीत होतं. वर तलाव, तलावाला आडवा मातीचा जुना बांध, बांधाखाली बाग, आणि बागेच्या कुंपणाला पाठ लावून आमची रंगाऱ्यांची गल्ली. ऑफिस सुटलं की कुंपणाची तार वर उचलून वाकलं की मी घरी. बांध कुणी घातला, कधी घातला, कुणालाच ठाऊक नव्हतं. तो होता, एवढं पुरे होतं. संध्याकाळी त्याच्यावर वकील मंडळी हवा खायला यायची आणि आमच्या गल्लीतल्या बायका खालच्या अंगाला सुताच्या लडी वाळत घालायच्या.

साहेबांचा खाकी कोट उन्हाळ्या-पावसाळ्यात अंगावर असायचा आणि त्याच्या खिशांत काय सापडेल याचा नेम नसायचा. बिया, सुतळी, मातीची ढेकळं, एकदा तर जिवंत बेडूक निघालेला मी पाहिला आहे. माती दिसली की ते ती चिमटीत घेऊन जिभेवर ठेवत. खारट, तुरट, गोडसर, असा काही शेरा मारून थुंकत आणि रुमालानं ओठ पुसत. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी आईला नमस्कार करायच्या आधी अंगणातली माती चाखली होती. आई नंतर मला म्हणाली, "तुझ्या सायबाला घरी कुणी जेवाय घालत न्हाय का रं?"

घरी तसं कुणी नव्हतंच. बायको फार लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. बागेतल्याच, जरा उंचावरच्या दोन खोल्यांत ते राहत आणि सगळी माया गुलाबांवर उधळत. बागेच्या पार दुसऱ्या टोकाला, थोड्या उंचवट्यावर त्यांनी गुलाबांचा मळा उठवला होता. ती जागा पहिल्यापासून वाईट. रोप लावलं की मुळं कुजायची. साहेबांनी हट्टानं वर्षानुवर्षं तिथं शेणखत, पालापाचोळा, तलावातला गाळ टाकून टाकून हातभर चांगल्या मातीचा थर उभा केला आणि मग गुलाब असे आले की कलेक्टरच्या मडमेनं गाडी थांबवून पाहावे.

त्या गुलाबांना नावं होती, आणि ती सगळी नगरपालिकेच्या कमिटीतली. चेअरमन हा तांबडा टपोरा गुलाब होता, दिसायला रुबाबदार पण दुपारच्या उन्हात मान टाकणारा. व्हाइस चेअरमनला फुलं कमी आणि काटे फार. सकाळी सकाळी साहेब माळ्याला हुकूम सोडत, चेअरमनला दोन पाट्या शेण घाल, शिक्षण कमिटीवर मावा पडलाय, तिला तंबाखूचं पाणी मार. ऑफिसात बसून हे ऐकताना मला तोंडात रुमाल धरावा लागे. एकदा खुद्द चेअरमन मागं येऊन उभे राहिले, नेमके साहेब माळ्याला सांगत असताना, की चेअरमनला बुडातून छाटल्याशिवाय तो सरळ व्हायचा नाही. साहेब वळले आणि जराही न गडबडता म्हणाले, "या. हे आपणच." चेअरमन वाकले, फूल हुंगलं आणि खूश होऊन गेले. पुढं ते पाहुण्यांना मुद्दाम ते झाड दाखवायला आणत.

गवतावर मात्र कुणी पाय ठेवायचा नाही. ऑफिसच्या खिडकीतून साहेबांचं लक्ष असे आणि कुणी पायवाट सोडली की "पाय!" अशी हाळी येई. त्यात लहानमोठा भेद नव्हता. एका नामांकित वकिलांना त्यांनी हिरवळीच्या मधोमध थांबवून आल्या पावली उलट चालत परत जायला लावलं होतं. गावात त्यांच्या नावानं बोटं मोडणारे पुष्कळ होते आणि त्यात मी नव्हतो असं काही नाही.

त्या वर्षी वैशाखात साहेब मला बांधाच्या पायथ्याशी घेऊन गेले. सगळी बाग करपून गेलेली, आणि पायथ्याला एक पट्टा हिरवागार. मला तो फार छान वाटला. साहेबांना वाटला नाही. ते जोडे काढून त्या पट्ट्यावर अनवाणी फिरले, थांबत, टाच रुतवत, आणि म्हणाले की पाणी बांधाच्या पोटातून वाट काढतंय, ते पुढं कुठं निघतंय हे कळलं पाहिजे. त्यावर त्यांनी युक्ती काढली. तलावाच्या बाजूनं बांधाला लागून पाण्यात रंग सोडायचा आणि खाली तो कुठं उगवतो ते पाहायचं.

रंग आणायला अर्थात मला घरी पिटाळलं. वडील गेल्यापासून रंगाचं काम आईच पाहत होती. तिनं लाल रंग दिला, मी तो आणला, साहेबांनी तो मोठ्या थाटात पाण्यात ओतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या गल्लीत शिरले आणि त्यांचा चेहरा उजळला. गटारीत लाल पाणी होतं. पुढच्या घराच्या मोरीतूनही लाल पाणी येत होतं. त्याच्या पुढच्या, त्याच्याही पुढच्या घरातून लाल पाणी येत होतं. छत्री टेकत टेकत ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि तिथून परत येताना त्यांची चाल मंदावली. आई ओट्यावर लडी पिळत बसली होती. ती म्हणाली, "सायेब, आमच्या गल्लीत लाल पाणी न्हाय असा दिवसच नसतोय की."

रंगाऱ्याच्या पोटी जन्माला येऊन मलाही ते सुचलं नव्हतं. लाल रंग हा आमच्या डोळ्यांना रंगच वाटत नसे. मला वाटलं आता माझी धडगत नाही. पण साहेब ओट्याच्या पायरीवर बसले आणि हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि आईला विचारलं की गल्लीत कुठला रंग होत नाही. हिरवा होत नाही, आई म्हणाली, हिरवी लुगडी पलीकडच्या पेठेत. मग साहेबांनी हिरव्या रंगाच्या पुड्या आणवल्या आणि पुन्हा सोडल्या.

काही दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी आई मागची पडवी झाडत होती, तिनं मला हाक मारली. रंगाच्या रांजणाशेजारी दोन फरश्यांच्या फटीतून पाणी पाझरत होतं. हिरवं. मी कुंपणाची तार उचलून साहेबांना घेऊन आलो. त्यांनी खाली बसून पाण्यात बोट बुडवलं आणि चाखलं.

"आई, पाणी तुमच्या घराखालून येतंय," ते म्हणाले. "पाणी गढूळ आहे. म्हणजे बांधाची माती घेऊन येतंय."

आईला एवढं पुरेसं होतं. ती रंगारीण होती, काय विरतं आणि काय टिकतं हे तिला सांगावं लागत नव्हतं.

कमिटीची सभा बागेतच भरली. बांधाला लागून खोल चर खणायचा आणि त्यात चिकणमाती तुडवून भरायची, म्हणजे पाण्याची वाट बंद होईल, असं साहेबांनी सांगितलं. तशी माती जवळपास कुठं आहे, असा प्रश्न निघाला. आमच्याकडं सगळी काळी माती, ती उन्हात भेगाळते, तिचा उपयोग नाही. पिवळी चिकणमाती लांबच्या गावांतून बैलगाड्यांनी आणायची तर पावसाळ्यापर्यंत निम्मीही येणार नव्हती. तेव्हा चेअरमननी दुसरा उपाय काढला. बांध राहू दे आहे तसा, खालची गल्लीच उठवू. रंगाऱ्यांना गिरण्यांच्या पलीकडं माळावर जागा देऊ. उद्या बांध फुटला तरी खाली माणूस नसलं म्हणजे झालं. सगळ्यांना ते पटलं. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून मी ते लिहून घेत होतो. साहेबांना मत विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पाण्याला विचारून सांगतो." सभासद हसले. मला पहिल्यांदाच त्या वाक्याचा संताप आला.

बातमी माझ्या आधी गल्लीत पोचली होती. माळावर पाणी नव्हतं. विहिरी खणल्या तरी ते पाणी मचूळ, त्यात रंग चढायचा नाही, चढला तरी बसायचा नाही. गल्ली उठली की धंदा उठला, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. लोक माझ्याकडं असे पाहत होते जणू मीच घर दाखवायला बेलीफ घेऊन आलो होतो. रात्री भाकरी वाढताना आई एवढंच म्हणाली, "सायबानं रंग मागितला, म्या दिला. आता घर बी द्यायचं व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेलो तर खोलीला कुलूप. साहेब गुलाबांच्या मळ्यात होते. कोट काढून झाडाला टांगलेला, हातात पहार. तांबडा टपोरा चेअरमन मुळासकट उपटून बाजूला आडवा पडलेला आणि त्याच्या जागी खड्डा. शेणखताचा काळा थर हातभर, आणि त्याच्याखाली पिवळी, चकचकीत, लोण्यासारखी माती. त्यांनी तिचा गोळा घेतला, तळहातावर वळला, वळत वळत सुतासारखा लांब केला आणि माझ्या बोटाभोवती गुंडाळला. तो तुटला नाही.

मग मला उलगडलं की रोपं का कुजायची. ती माती पाणी जाऊच देत नव्हती. वर्षानुवर्षं साहेब त्याच मातीशी भांडत होते, तिच्या नावानं शिव्या देत तिच्यावर खत ओतत होते, आणि गावातली सगळ्यात उत्तम चिकणमाती कुठं आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. सभेत ते गप्प बसले होते ते म्हणून. एक रात्र त्यांनी स्वतःसाठी मागून घेतली होती. ती त्यांनी कशी काढली असेल, हे मला पुढं स्वतःच्या हातानं परसात चार झाडं लावल्यावर थोडंफार कळलं.

कमिटीची मंडळी धावत आली. बाग म्हणजे शहराची शोभा, असं चेअरमन म्हणाले, बाहेरचे पाहुणे बघायला येतात, एका गल्लीपायी तिचा उकिरडा करायचा का. स्वतःचं झाड आडवं पडलेलं पाहून ते खरोखरच दुखावले होते. साहेबांनी पहार जमिनीत रोवली.

"गुलाब माझे आहेत, त्यांचं मी बघतो," ते म्हणाले. "घरं यांची आहेत."

उपटलेली झाडं परत लावता येणार नव्हती आणि माती आता डोळ्यांसमोर होती. काम मंजूर झालं.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून मला हसू येतं. ज्या बागेत पाय टाकायची चोरी होती, तिथं आमची अख्खी गल्ली पाय घेऊन उतरली. पिवळी माती पाट्यांनी चरात पडायची, वर पाणी शिंपडायचं आणि खांद्याला खांदा लावून ती तुडवायची. बाया ओव्या म्हणत तुडवायच्या, पलीकडच्या गल्लीतले विणकर तेलुगूत त्यांची चेष्टा करत तुडवायचे. साहेब चराच्या काठावर छत्री घेऊन उभे. प्रत्येक थरातून चिमटीभर माती उचलून ती वळून पाहायची, तुटली की परत तुडवा. लोक त्यांच्या नावानं कुरकुरत आणि परत तुडवत. आईचे पाय जन्माचे लाल झालेले. ती चरात उतरली तेव्हा साहेबांनी तिला बाजूला बसायला सांगितलं, तिचं वय झालंय म्हणून. आईनं त्यांना सांगितलं की वय तुमचं झालंय, तुमी सावलीला बसा. ते बसले नाहीत आणि तीही बसली नाही.

पावसाच्या तोंडाशी चर भरून झाला. गुलाबांच्या जागी एक मोठा ओबडधोबड खड्डा उरला. साहेबांनी तिथं पुन्हा काही लावलं नाही. चेअरमनचं उपटलेलं झाड तेवढं ऑफिसच्या दारात एका जुन्या डब्यात लावलं होतं, ते जगलं नाही. सकाळी आल्यावर ते एकदा त्या डब्याकडं पाहत आणि मग टेबलाशी बसत. मला त्यांच्याशी काही चांगलं बोलावंसं वाटे. पण कारकुनानं साहेबाला आभार मानायची रीत आमच्या ऑफिसात नव्हती, आणि असती तरी ते म्हणाले असते, बघू, आधी पाऊस होऊ दे.

आणि आमच्याकडचा पाऊस लवकर थोडाच येतो. सगळा पावसाळा नुसता वारा आणि ढग. मग हस्ताचं नक्षत्र लागलं आणि त्यानं जे धरलं ते सोडेना. तलाव भरत भरत बांधाच्या काठाशी आला. सांडव्यावरच्या पाण्याचा आवाज घरात ऐकू येऊ लागला. गल्लीतल्या लोकांनी बोचकी बांधून दारात आणून ठेवली. निघायचं तर देवळात जायचं असं ठरलं होतं. आईनंही परात, तवा, चार लुगडी आणि वडिलांचा फोटो एका चादरीत घालून गाठ मारली.

सकाळी साहेब आमच्या घरी आले. छत्रीचा काही उपयोग झाला नव्हता, कोटातून पाणी निथळत होतं. बसायला काही आहे का, असं त्यांनी विचारलं. मी स्टूल दिलं. ते घेऊन ते मागच्या पडवीत गेले, जिथून हिरवं पाणी आलं होतं त्या फरश्यांसमोर बसले आणि खाली पाहत राहिले.

थोड्या वेळानं ऑफिसचा शिपाई त्यांना शोधत आला. बांधावर चेअरमन आले आहेत, कलेक्टरसाहेब बांध पाहायला येणार आहेत, ताबडतोब बोलावलंय. साहेबांनी मान वर केली नाही. मी बांधाच्या कामावरच आहे असं सांग, म्हणाले. शिपाई माझ्याकडं पाहत, डोक्यावर पोतं धरून गेला.

दुपार झाली. पाऊस तसाच. साहेब जागचे हलले नव्हते. अखेर आई पडवीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"सायेब, गल्ली निघायच्या तयारीत हाय," ती म्हणाली. "तुमचं घर उंचावर हाय, तितं तुमाला भ्या न्हाय. तुमी हितं का बसलाय?"

"दुरुस्ती माझी आहे, आई," साहेब म्हणाले. "चुकली असेल तर ते तुमच्याआधी मला कळायला पाहिजे."

आई तिथंच उभी राहिली. दारात शेजारपाजारची माणसं जमली होती, त्यांनीही ते ऐकलं. फरश्यांच्या फटीतली माती कोरडी होती, छपराचे थेंब पडत होते तेवढीच ओली. आई वळली, आत गेली, चादरीची गाठ सोडून परात बाहेर काढली आणि पीठ मळायला बसली.